ओटा न फोडता जुने स्वयंपाकघर नवे करताना

सोलापुरात तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरातल्या स्वयंपाकघराची ठेवण सांगायला फार शब्द लागत नाहीत. कडप्प्याचा काळा ओटा, त्याखाली कडप्प्याच्याच उभ्या फरश्यांनी पाडलेले खण, पायाखाली शहाबादी, ओट्यामागे पांढऱ्या टाइल्सच्या तीन ओळी, भिंतीवर स्टीलची मांडणी, माळ्यावर वर्षानुवर्षे न उतरलेली पितळी भांडी आणि कोपऱ्यात पाण्याचे पिंप. या स्वयंपाकघराला नवे रूप द्यायचे ठरले, की घरी येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो, तो म्हणजे सगळे फोडा आणि मॉड्युलर करून घ्या. हा लेख त्या सल्ल्याच्या विरोधात आहे. ओटा फोडणे, राडारोडा उचलून नेणे आणि तोच ओटा दुसऱ्या दगडाचा पुन्हा उभा करणे यांत जाणारा पैसा काम संपल्यावर घरात कुठेच दिसत नाही. आणि स्वयंपाकघर जुनाट दिसते ते बहुतेक वेळा दगडामुळे नव्हे, तर तेलाच्या पुटामुळे, मंद उजेडामुळे आणि ठेवायला जागा नसल्याने ओट्यावर साचलेल्या पसाऱ्यामुळे.

हिशोबाला सुरुवात करताना दहा बाय आठ फुटांचे स्वयंपाकघर आणि हाताशी 40 हजार रुपये आहेत असे समजू. यातले 12 हजार मी डोळे झाकून पाणी, वीज आणि ओल यांच्यासाठी बाजूला काढीन, 8 हजार ओट्यामागच्या टाइल्सना, 8 हजार रंगाला आणि 9 हजार ओट्याखालच्या खणांना देईन. उरलेले 3 हजार शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाही दाखवणार नाही, कारण जुन्या घरात नळाचा सांधा उघडला की आतला पाइपही सडलेला निघतो. आकडे घरोघरी बदलतील. पण दिसणाऱ्या कामाआधी न दिसणारे काम उरकायचे, हा क्रम बदलू नये. दर ठरवताना गवंडी, रंगारी आणि वायरमन यांच्याकडून मजुरी वेगळी आणि माल वेगळा असा लेखी अंदाज घ्यावा. माल शक्यतो आपण स्वतः आणावा, कारण ठोक रकमेत सगळे देऊन टाकले की काटकसर नेमकी प्रायमर आणि चिकटवण्याच्या मालात होते.

काम कधी काढायचे, हा प्रश्न सोलापुरात जरा वेगळा आहे. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो आणि गच्चीवरून, परसातल्या भिंतीतून किंवा शेजारच्या मोरीतून येणारी ओल त्याच महिन्यात उघडी पडते. त्यानंतर लगेच दिवाळी येते आणि सगळे शहर रंगाला लागते. रंगारी मिळत नाही, मिळाला तर घाईत असतो, आणि भिंतीने महिनाभर प्यालेले पाणी पुट्टीखाली कोंडले जाते. आमच्या घरी एका वर्षी नेमके हेच झाले. वसुबारसेला रंगवलेल्या भिंतीला संक्रांतीपर्यंत फोड आले आणि पापुद्रे भाकरीसारखे सुटू लागले. चूक रंगाऱ्याची जितकी, तितकीच घाई करणाऱ्या आमचीही होती. म्हणून सप्टेंबरअखेर भिंतींवर जिथे जिथे ओलीचा नकाशा उमटेल तिथे खडूने खूण करून ठेवावी, आणि काम दिवाळीनंतर, थंडीच्या कोरड्या दिवसांत काढावे. एप्रिल-मे तर टाळाच. त्या उन्हात सिमेंटचे पाणी वेळेआधी उडून जाते, रंग ब्रशखालीच सुकतो आणि काम करणाऱ्याचेही हाल होतात.

पहिले दोन दिवस कुणाही कारागिराला बोलावू नये. सगळे स्वयंपाकघर रिकामे करावे, माळ्यासकट. वर्षभरात एकदाही न वापरलेले भांडे वेगळे काढले, तर निम्मी मांडणी मोकळी झाल्याचे लक्षात येते आणि नवीन कपाटाची गरजच उरत नाही. फुटणारी भांडी गुंडाळायला आणि फरशीवर अंथरायला जुन्या सोलापुरी चादरी कुठल्याही घरात मिळतील. मात्र रंगकामाच्या वेळी चादरीखाली प्लास्टिकचा कागद घालावा, नाहीतर रंग झिरपून शहाबादीत मुरतो. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून, हातमोजे घालून भिंती, टाइल्स, पंख्याची पाती आणि खिडकीची जाळी घासून काढावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण ते संपल्यावर बदलायच्या वस्तूंची यादी निम्म्यावर आलेली दिसते.

कामाच्या आठवडाभराच्या जेवणाची सोय व्हरांड्यात एका शेगडीवर होते. पण सोलापूरकरांना ही अडचण इतरांइतकी जाणवू नये. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आधीच करून ठेवली की दही आणि कांदा एवढ्यावर वेळ निभावते.

आता ओल. भिंतीवर पांढरा भुसभुशीत थर आला असेल तर त्याला आपण लोणा लागला म्हणतो. भिंतीत मुरलेले पाणी बाहेर येताना सोबत क्षार आणते आणि पाणी उडून गेल्यावर ते पृष्ठभागावर उरतात. त्यावर पुट्टी किंवा वॉलपेपर लावणे म्हणजे पैसे भिंतीला चिकटवून ठेवणे होय. आधी पाण्याची वाट शोधावी. सिंकचा सांधा, मोरीचा उतार, गच्चीवरच्या टाकीचा पाइप आणि बाहेरच्या भिंतीची भेग या चार जागा पाहिल्या की बहुधा उत्तर सापडते. दुरुस्ती झाल्यावर सुटलेला गिलावा विटेपर्यंत खरवडावा, क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत, नवा गिलावा करून त्यावर पाणी मारावे आणि तो पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. वाळला की नाही, हे पाहण्याची सोपी रीत अशी: हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावावा आणि दुसऱ्या दिवशी काढावा. आतल्या बाजूला दव दिसले तर रंगाऱ्याला आणखी एक आठवडा पुढे ढकलावे.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. ही घरे बांधली तेव्हा स्वयंपाकघरात एक बल्ब आणि फार तर मिक्सरचा एक प्लग एवढीच अपेक्षा होती. आज त्याच तारांवर फ्रिज, वॉटर प्युरिफायर, इंडक्शन आणि ओव्हन चालतात. इंडक्शन किंवा ओव्हनसाठी 16 अँपिअरचा वेगळा प्लग, त्याला मीटरजवळच्या बोर्डापासून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, असावा. सगळ्या घरासाठी 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे, कारण ओल्या हाताला बसलेला झटका जीवघेणा ठरण्याआधी वीज तोडण्याचे काम तेच करते. अर्थिंग केवळ तीन पिनांचा प्लग दिसतो म्हणून आहे असे मानू नये. वायरमनकडून तपासून घ्यावे. हे सगळे टाइल्स आणि रंगाच्या आधी व्हायला हवे, कारण वायरसाठी भिंतीत झिरी पाडायची असते.

उजेडाला खर्च कमी आणि गुण जास्त. छताच्या मध्यावर एकच ट्यूब असेल तर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईची सावली नेमकी विळीवर आणि कढईवर पडते. माळ्याच्या किंवा मांडणीच्या खालच्या कडेला एलईडीची एक पट्टी लावली की ओटा उजळतो, आणि छतावरच्या जुन्या 40 वॅटच्या ट्यूबच्या जागी 20 वॅटची एलईडी ट्यूब पुरते. प्रकाशाचा रंग 4000 केल्व्हिनच्या आसपास घ्यावा. अगदी निळसर पांढऱ्या प्रकाशात भाजी शिळी दिसते आणि पिवळ्यात डाळीतले खडे दिसत नाहीत.

ज्वारीची भाकरी रोज होते त्या घरात एक्झॉस्ट पंख्याला पर्याय नाही. तव्यावरून उतरवून थेट आचेवर फुगवलेल्या भाकरीचा धूर, उडालेले पीठ आणि फोडणीचे तेल मिळूनच भिंतीवरचा तो चिकट तपकिरी थर तयार होतो. दहा बाय आठ फुटांची खोली, दहा फूट उंची, म्हणजे 800 घनफूट हवा. ती तासाला साधारण 15 वेळा बदलायची धरली तर मिनिटाला 200 घनफूट, म्हणजेच तासाला सुमारे 340 घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो. पंखा शेगडीच्या जवळ आणि उंचावर बसवावा, पण हवा आत येण्याचा मार्ग समोरच्या बाजूने असावा, कारण पंख्याशेजारचीच खिडकी उघडी असेल तर तो खोलीतली हवा सोडून त्या खिडकीतूनच हवा ओढत राहतो.

आता ज्या ओट्यासाठी हा लेख लिहिला त्याच्याकडे येऊ. कडप्पा हा मुळात चुनखडीच्या जातीचा दगड आहे, शहाबादीही तसाच. शहाबाद सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे. तिथल्या खाणींचा दगड आपल्याकडच्या घरांत पसरला यात नवल नाही, आणि उन्हाळ्यात अनवाणी पायांना त्याचा जो गारवा लागतो तो चकचकीत टाइलला येत नाही. चुनखडीचा दगड आम्लाने खाल्ला जातो, हे एकच वाक्य लक्षात ठेवले तर दोन्ही दगड टिकतात. ओट्यावर चिंचेच्या कोळाचे आणि लिंबाचे जे फिके डाग दिसतात ते डाग नसून दगडाचा झिजलेला पृष्ठभाग असतो. ते काढायला अॅसिड किंवा व्हिनेगर वापरले की ते आणखी वाढतात.

अशा फिक्या पडलेल्या ओट्याला पुन्हा काळा करण्याची रीत सोपी आहे आणि ती घरी करता येते. ओटा सोड्याच्या पाण्याने धुऊन वाळवावा. कडा उडाल्या असतील किंवा चीर असेल तर काळ्या रंगाचे दगडाचे इपॉक्सी भरून एक दिवस राहू द्यावे. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून 120, 220, 400 आणि 600 नंबर या क्रमाने घासावे. क्रम सोडून थेट बारीक पेपर घेतला तर ओरखडे तसेच राहतात. चार-पाच तासांचे काम आहे, हात भरून येतात. ओटा पूर्ण वाळल्यावर घाण्यावरचे खाण्याचे जवसाचे तेल फडक्याने अगदी पातळ लावावे, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यावे आणि ओटा दिवसभर कोरडा ठेवावा. दोन-तीन दिवस हे पुन्हा केले की दगड खोल काळा दिसतो. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल मात्र घेऊ नये, त्यात लवकर वाळवणारी रसायने घातलेली असतात. आणि एक इशारा: जवसाच्या तेलाने भिजलेले फडके बोळा करून कोपऱ्यात फेकू नये. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. सोलापूरच्या उन्हात तर ही जोखीम नकोच. फडके दोरीवर पसरून वाळवावे, मग टाकावे. शहाबादीसाठी सांध्यांत सिमेंट भरून घ्यावे आणि जमल्यास मशीनने पॉलिश करून घ्यावे.

ओट्याची उंची मात्र तपासावी. उभे राहून कोपर काटकोनात वाकवले, की कोपरापासून चार ते सहा इंच खाली काम करण्याची पातळी असावी. जुना ओटा ठेंगणा वाटत असेल तर शेगडीखाली नव्हे, तर चिरण्याच्या जागी जाड लाकडी पाट ठेवावा. शेगडीवर भांडे चढले की तिची पातळी आपोआपच उंच होते. भाकरी थापायला मात्र ठेंगणा ओटाच बरा, कारण परातीत पीठ मळताना आणि थापताना खांद्याचे वजन वरून पडावे लागते. एरवी ज्याला दोष दिला जातो तो जुना ओटा भाकरीच्या घरात अशा रीतीने गुणाचा ठरतो, आणि नव्या उंच ओट्यावर भाकरी थापून खांदे दुखवून घेणाऱ्या मावश्या-काकू प्रत्येक नात्यात एखादी तरी सापडते.

ओट्यामागच्या टाइल्स बदलण्याआधी रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून पाहावी. भरीव आवाज आला तर ती भिंतीला घट्ट आहे. पोकळ आवाजाच्या टाइल्स तेवढ्या काढून जागा भरून घ्यावी. घट्ट टाइल्सवर नव्या टाइल्स चिकटवता येतात, त्यासाठी गोणीवर टाइलवर टाइल लावायला चालते असे लिहिलेलेच अॅडहेसिव्ह घ्यावे, साधे सिमेंट गुळगुळीत पृष्ठभागाला धरत नाही. जाडी मात्र सेंटिमीटरभर वाढते, तेव्हा प्लगचे डबे पुढे घ्यावे लागतील हे वायरमनला आधीच सांगावे. दहा फूट लांब आणि दोन फूट उंच पट्टा म्हणजे 20 चौरस फूट. बारा बाय अठरा इंचांची एक टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे 14 टाइल्स, आणि तुटीफुटीसह 16. एवढ्या कमी टाइल्स दुकानात उरलेल्या मालात स्वस्त मिळतात, म्हणून आधी टाइल आवडून मग दर विचारण्याऐवजी आधी उरलेला माल पाहावा.

टाइल्स रंगवूनही घेता येतात, पण ते शेगडीपासून दूरच्या भिंतीवर. सोड्याने तेलकटपणा काढून, 220 नंबरच्या पेपरने चकाकी मारून, दोन घटकांचे इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर इपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावे लागतात आणि आठवडाभर तिथे पाणी लागू देऊ नये. शेगडीमागे आणि सिंकमागे हा रंग लवकर सुटतो. जिथे टाइल्स चांगल्या आहेत आणि फक्त सांधे काळे पडले आहेत, तिथे जुने व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरले तरी भिंत नवी दिसते. बोअरच्या जड पाण्याचा नळावरचा आणि टाइलवरचा पांढरा थर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतो. ते पाणी खाली कडप्प्यावर ओघळू देऊ नये, आणि ब्लीचिंगसोबत कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

रंगाबद्दल थोडक्यात. छतासह साधारण 340 चौरस फूट रंगवायचे असेल तर धुता येणारा प्लास्टिक इमल्शन दोन हातांना पाच-सहा लिटर लागेल. डब्यावर किती चौरस फूट ते लिहिलेले असते, पण ते बहुधा एका हाताचे असते. डिस्टेंपर स्वस्त पडतो, मात्र ओल्या फडक्याने पुसला की सुटतो. काळ्या ओट्यावर फिका रंगच शोभतो, पांढराशुभ्र नको.

ओट्याखालच्या खणांना ट्रॉल्या बसवायच्या तर प्रत्येक खणाची रुंदी समोर, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजावी. जुन्या गवंड्यांनी उभ्या केलेल्या फरश्या क्वचितच समांतर असतात, आणि समोरच्या मापावर केलेली ट्रॉली मागे अडकते. सगळ्या खणांना ट्रॉल्या घालू नयेत. शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे पिंपाला एक खण मोकळा लागतोच. ज्वारीच्या कोठीलाही एक लागतो. दोन-तीन खणांत ट्रॉल्या आणि उरलेल्यांना अॅल्युमिनियमच्या चौकटीची दारे पुरतात. वाळवीचा इतिहास असलेल्या घरात प्लायवूड घ्यायचेच असेल तर आयएस 710 शिक्क्याचे, म्हणजे मरीन प्लाय, घ्यावे. स्टीलच्या जाळीसाठी 304 प्रत मागावी. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो त्यावर विसंबू नये, कारण हलक्या 202 प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घेणे हाच खात्रीचा मार्ग. सागवानी फडताळ असेल तर ते विकू नये. जुना ऑइल पेंट खरवडून पॉलिश केले की त्याच्यापुढे नवे कपाट फिके पडते. आणि पैसे संपलेच तर खणांना चाटी गल्लीतून आणलेल्या जाड सुती कापडाचे पडदे लावावेत, शेगडीखालचा खण सोडून.

सिलिंडरचा खण दाराने पूर्ण बंद करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो, म्हणून त्या दाराला तळाशी जाळी हवी आणि जवळपास प्लग नको. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी, नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, आणि काम चाललेच आहे तर नळीवरची तारीख वाचावी. पाच वर्षे झाली असतील तर बदलावी. शेगडीची जागा हलवायची असेल तर गॅस एजन्सीच्या मेकॅनिकलाच बोलवावे.

सामान परत लावण्याची घाई करू नये. रंग हाताला सुकला तरी धुण्याजोगा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. उरलेल्या दोन टाइल्स, मूठभर ग्राउट आणि रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवावा, पितळी भांड्यांच्या पुढे, म्हणजे पाच वर्षांनी नळाचा सांधा पुन्हा उघडावा लागला तर पिशवी हाताशी लागेल.